बारा आणि पाच, एकशे पंचवीस

दिवाळी उलटली आहे. दारव्ह्याजवळच्या एखाद्या गावात कापसाची पहिली गाडी बारा क्विंटल भरली, दुसरी पाच. घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीने मोबाइलच्या ब्राउझरवर चालणारं एक छोटंसं पान तयार केलं आहे, असं समजू. वजन टाकायचं, भाव टाकायचा, बटन दाबायचं, की पैसे किती ते दिसतं. पहिल्या गाडीचा हिशेब चोख आला होता. आज दुसऱ्या गाडीसाठी तिने आणखी एक रकाना वाढवला, बटन दाबलं, आणि पान म्हणालं: एकूण कापूस १२५ क्विंटल, रक्कम १०,१३,७५० रुपये. वडील पडद्याकडे बघत म्हणतात, "बापा! एवढा कापूस कोणाच्या वावरातला?"

वेब पानं बोलती करायला शिकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला ही चूक कधी ना कधी भेटते. पहिल्याच महिन्यात भेटली तर बरं, कारण ती बरंच काही शिकवून जाते. रकान्यात माणसाने काहीही लिहिलं तरी ब्राउझर ते मजकूर म्हणूनच हाती देतो. आपण बारा लिहिलं असं आपल्याला वाटतं. त्याच्या लेखी ती एक आणि दोन अशी शेजारी उभी असलेली दोन चिन्हं असतात. जावास्क्रिप्ट या भाषेत अधिकच्या चिन्हाला दोन नोकऱ्या आहेत. दोन्हीकडे आकडे असले तर बेरीज, आणि कुठल्याही एका बाजूला मजकूर असला तर जोडणी. इथे बाराला पाच चिकटले आणि १२५ झाले.

मग पहिल्या दिवशी हिशेब बरोबर कसा आला? गुणाकाराला मजकूर चालत नाही, म्हणून वजन गुणिले भाव करताना भाषेने मजकुराचा आकडा परस्पर करून टाकला, कुणाला न सांगता. चूक पहिल्या दिवसापासून पानात होती, दुसरी गाडी आली तेव्हा ती बाहेर पडली. उपाय एका शब्दाचा आहे: रकान्यातून उचललेला मजकूर आधी 'नंबर' या कामातून काढायचा आणि मगच बेरीज करायची. तसं केलं की सतरा क्विंटलचे ८,११० च्या भावाने १,३७,८७० रुपये होतात, आणि वडिलांचा पानावरचा विश्वास थोडासा परत येतो.

भाषेत अशी खोड राहिली कशी, याची गोष्ट दारव्ह्यात बसून सांगायची तर शकुंतलेपासून सुरुवात करावी लागेल. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावरून जायची. मँचेस्टरला १९२१ साली बांधलेलं तिचं वाफेचं इंजिन एप्रिल १९९४ मध्ये निवृत्त झालं आणि डिझेलचं इंजिन आलं. त्याच महिन्यात अमेरिकेत एक कंपनी स्थापन झाली, जी पुढे नेटस्केप नावाने ओळखली गेली. तिचा ब्राउझर थोड्याच काळात जगभर पसरला. तेव्हाचं वेब पान म्हणजे भिंतीवरचं पत्रक होतं. त्यात अर्ज भरता येई, पण एखादा रकाना रिकामा राहिला हे कळायलासुद्धा तो अर्ज दूरच्या सर्व्हरकडे जायचा आणि तिथून नवं पान घेऊन परत यायचा. पिनकोडात एक आकडा कमी पडला म्हणून दारव्ह्याहून शकुंतलेत बसून मूर्तिजापूरला जायचं, तिथल्या कारकुनाने "आकडा राहिला" म्हणायचं आणि तसंच परत यायचं, असा तो कारभार होता. त्या काळच्या टेलिफोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटचा वेग पाहता ही उपमा फारशी अतिशयोक्तीची नाही.

यातल्या निदान किरकोळ तपासण्या वाचणाऱ्याच्या संगणकावरच व्हाव्यात, म्हणजे कारकूनच दारव्ह्याच्या स्टेशनात आणून बसवावा, अशी ती कल्पना. त्यासाठी नेटस्केपमधल्या ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये दहा दिवसांत एका भाषेचा पहिला नमुना तयार केला. आधी तिचं नाव मोका होतं, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि त्या वर्षाच्या डिसेंबरात जावास्क्रिप्ट. जावा नावाची दुसरी भाषा तेव्हा गाजत होती म्हणून हे नाव. दोन भाषांचं नातं नावापुरतंच. पान बनवणारा हौशी माणूस चुकला तरी काम अडू नये, असा या भाषेचा सैल स्वभाव ठेवला गेला. मजकूर आणि आकडे यांत ती काटेकोर भेद करत नाही, जमेल तसं चालवून घेते. १९९७ मध्ये तिचं अधिकृत प्रमाण ठरलं, पण तोवर पानं तयार झाली होती. ती मोडायची नाहीत म्हणून जुन्या खोडी तशाच ठेवल्या. आपल्या १२५ क्विंटलचा उगम तिथे आहे.

आता कामाला लागायचं तर काय लागतं? लोक समजतात त्यापेक्षा पुष्कळ कमी. लॅपटॉप असला तर उत्तम, नसला तर ब्राउझर आणि मजकूर लिहिण्याचं एखादं अ‍ॅप असलेला मोबाइलही चालतो. इंटरनेट सतत नको. एक फाइल लिहायची, तिच्या नावाच्या शेवटी टिंब आणि एचटीएमएल जोडायचं आणि ती ब्राउझरमध्ये उघडायची. इथेच पहिला खड्डा आहे. विंडोजचं नोटपॅड तुमच्या नकळत नावापुढे टीएक्सटी हे शेपूट लावतं, आणि मग पानाच्या जागी तुम्हीच लिहिलेला मजकूर जसाच्या तसा समोर येतो. जतन करताना 'सर्व फाइल्स' हा पर्याय निवडायचा. दुसरा खड्डा खास आपल्यासारख्यांसाठी. फाइल यूटीएफ-८ मध्ये आहे हे पानाच्या सुरुवातीच्या एका ओळीत सांगितलं नाही, तर 'कापूस' च्या जागी टोप्या घातलेली परकी अक्षरं दिसू शकतात. आणखी एक ओळ मोबाइलसाठी लागते, पडद्याची रुंदी ओळखायला सांगणारी. ती विसरली तर पान मोबाइलवर इतकं बारीक दिसतं की वडिलांना चष्मा पुसावासा वाटतो.

पानात तीन भाषा एकत्र नांदतात. जिनिंगवरची काटापट्टी डोळ्यांसमोर आणा. त्यावर छापलेले रकाने, म्हणजे नाव, वजन, भाव, रक्कम, हे एचटीएमएल. रेघा कुठल्या रंगाच्या, अक्षर केवढं, रक्कम ठळक की नाही, हे सीएसएस. आणि काट्याकडे बघून पट्टीवर आकडे भरणारा दिवाणजी म्हणजे जावास्क्रिप्ट. पहिल्या दोन भाषांत 'असं दिसू दे' एवढंच सांगायचं असतं, त्यामुळे त्या चार-आठ दिवसांत अंगवळणी पडतात. तिसरीत 'असं झालं की असं कर' हे सांगायचं असतं, आणि बहुतेक जण तिथेच अडखळतात.

'असं झालं' यालाच घटना म्हणतात. बटन दाबलं, रकान्यात अक्षर उमटलं, बोट वरून खाली सरकलं, या सगळ्या घटना. आपण लिहितो तो कार्यक्रम वरून खाली एकदा धावून संपतो असं नवशिक्याला वाटतं, आणि शाळेतली बहुतेक उदाहरणं तशीच असतात. वेब पान मात्र बहुतांश वेळ काहीच करत नसतं, ते वाट बघतं. आपण फक्त बटनाच्या शेजारी एक ऐकणारा बसवून ठेवतो: "हे दाबलं गेलं की हे काम कर." मग ते दोन सेकंदांनी दाबलं जाईल किंवा दुपारच्या जेवणानंतर. काम करण्याची वेळ आपण ठरवत नाही, वापरणारा ठरवतो. ही उलटी रीत एकदा डोक्यात बसली की अर्धं शिक्षण झालं, असं माझं मत आहे. मग राहतात ते तपशील.

एक तपशील मात्र सांगायलाच हवा, कारण तो न कळता वर्ष-वर्ष काढलेली मुलं आहेत. पानातला हा दिवाणजी एकटा आहे. घटना कितीही येवोत, तो एका वेळी एकच काम हाती घेतो, बाकीच्या रांगेत उभ्या राहतात. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्या उभ्या असतात आणि काटा एकच असतो, अगदी तसं. एखादी गाडी काट्यावरून हललीच नाही तर मागच्या सगळ्यांचा खोळंबा होतो. तुम्ही अब्जावधी वेळा फिरणारं आवर्तन एका बटनात लिहिलं, तर तेवढा वेळ पान गोठतं. दुसरं बटन दबत नाही, रकान्यात अक्षर उमटत नाही. ब्राउझर बिघडला असं वाटतं. तो बिघडलेला नसतो, फक्त काट्यावर गाडी अडकलेली असते.

आणखी एक ठरलेली ठेच. मुलीने पानाच्या वरच्या भागातच जावास्क्रिप्ट लिहिली आणि तिला सांगितलं, "बटन शोध." ब्राउझर पान वरून खाली वाचत येतो. तो त्या ओळीवर पोचला तेव्हा बटन अजून जन्मालाच आलं नव्हतं. त्याने शोधलं, काहीच मिळालं नाही, आणि लाल अक्षरांत एक लांबलचक इंग्रजी तक्रार टाकली, जिचा मथितार्थ 'जे नाहीच त्याच्याकडे काय मागता' असा असतो. गाडी फलाटाला लागायच्या आत हमालाला सामान उतरवायला पाठवलं, तसा प्रकार. जावास्क्रिप्ट पानाच्या शेवटी ठेवली की प्रश्न मिटतो.

ही लाल अक्षरं दिसतात कन्सोल नावाच्या खिडकीत. संगणकावर एफ १२ दाबलं की ती बहुधा उघडते. आपल्याकडची मुलं तिला घाबरतात, कारण लाल शाईचा संबंध आपण शाळेपासून नापास होण्याशी जोडलेला असतो. खरं तर त्या तक्रारीच्या शेवटी ओळीचा क्रमांक असतो. इतकं नेमकं बोट दाखवणारा मास्तर प्रत्यक्षात क्वचित भेटतो.

परत कापसाकडे. २०२५-२६ च्या हंगामात केंद्राने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० आणि मध्यम धाग्याला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलावा मोजतात. ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यापुढे दर टक्क्याला भावातला एक टक्का कमी, आणि १२ टक्क्यांच्या वर खरेदीच नाही. पऱ्हाटी पाहिलेल्या कोणालाही हे तोंडपाठ असतं. १० टक्के ओलावा असेल तर ८,११० चे ७,९४७.८० होतात आणि बारा क्विंटलचे ९५,३७३.६० रुपये. मुलगी हे पानात घालायला बसते. 'जर' आणि 'नाहीतर' यांची तीन दारं होतात: आठपर्यंत, आठ ते बारा, बाराच्या वर.

लिहिताना मात्र प्रश्न पडायला लागतात. बरोबर १२ आला तर? 'बारापेक्षा जास्त' आणि 'बारा किंवा जास्त' यांत पानावर एका चिन्हाचा फरक आहे, वावरात एका गाडीचा. ओलाव्याचा रकाना रिकामाच सोडला तर? रिकाम्या मजकुराला 'नंबर' मधून काढलं की शून्य मिळतं, म्हणजे पान निमूटपणे पूर्ण भाव देऊन मोकळं होणार. कोणी चुकून ८० लिहिलं तर? आणि ओलावा साडेआठ टक्के निघाला तर कपात अर्ध्या टक्क्याची, की नवव्या टक्क्याची पूर्ण? बापाला विचारलं तर तो म्हणतो, "ते तिथे ग्रेडर पाहतो." माणसांच्या व्यवहारात असे कोपरे झाकलेले राहतात, कारण तिथे कोणीतरी बघून ठरवणारा असतो. पानाला बघता येत नाही, त्यामुळे प्रत्येक कोपरा आधीच उघडावा लागतो. प्रोग्रामिंग अवघड आहे म्हणतात ते बरंचसं यामुळे. गणित सातवीचं पुरतं. इंग्रजीचे राखीव शब्द तीन-चार डझन, ते तालुक्याच्या गावांच्या नावांसारखे पाठ होतात. आपल्याला पक्कं माहीत आहे असं जे वाटतं, ते नेमकं सांगता येतं का, हा खरा पेपर असतो.

म्हणूनच नवशिक्याने 'करायच्या कामांची यादी' बनवण्याचा तो सगळीकडे सापडणारा धडा पहिल्यांदा गिरवू नये असं मला वाटतं. त्यातले नियम दुसऱ्याने आधीच सोपे करून ठेवलेले असतात, त्यामुळे अडायला होत नाही आणि म्हणून शिकायलाही होत नाही. घरातला एखादा हिशेब घ्यावा. दूध डेअरीचा, भिशीचा, बचत गटाच्या व्याजाचा, मजुरीच्या हजेरीचा. उत्तर बरोबर की चूक हे सांगणारा माणूस घरातच असतो. आज चॅटबॉटला सांगितलं तर असं पान तो काही क्षणांत लिहून देतो, आणि ते वाचून शिकायला काहीच हरकत नाही. पण साडेआठ टक्क्यांचा प्रश्न त्याला आपणहून पडेलच असं नाही. आणि पडला तरी तो स्वतःच्या मनाने काहीतरी धरून चालेल, तेही ठामपणे.

मराठीत पान करायचं म्हटलं की काही गमती निघतात, ज्या इंग्रजी पुस्तकांत सहसा सापडत नाहीत. वडिलांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड आहे. त्यांनी वजनाच्या साध्या मजकुराच्या रकान्यात देवनागरी १२ लिहिलं आणि उत्तर आलं 'एनएएन', म्हणजे 'नॉट अ नंबर', हा आकडाच नव्हे! जावास्क्रिप्टचा 'नंबर' फक्त इंग्रजी अंक ओळखतो. मौज अशी की तीच भाषा उत्तर मात्र देवनागरीत छापू शकते. रक्कम दाखवताना 'मराठी, भारत' एवढं सांगितलं की ती १,३७,८७० असं, हजार-लाखाचा स्वल्पविराम नीट देऊन, आपल्या अंकांत लिहिते. बोलता येतं, ऐकता येत नाही, असा मामला. उपाय आपणच करायचा. युनिकोडमध्ये प्रत्येक चिन्हाला एक क्रमांक असतो. देवनागरी शून्याचा २४०६, पुढे ओळीने नवापर्यंत २४१५. म्हणजे चिन्हाच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की तो अंक हाती येतो. चार-पाच ओळींचं हे काम मुलीने स्वतः लिहिलं तर अक्षर म्हणजे संगणकाच्या पोटात काय असतं, हे तिला कुठल्याही व्याख्यानापेक्षा चांगलं कळेल.

दुसरी गंमत गावाच्या नावाची. 'दारव्हा' या शब्दाची लांबी जावास्क्रिप्टला विचारली तर उत्तर येतं ७. आपण मोजतो तीन: दा, र, व्हा. संगणक द, काना, र, व, हलन्त, ह आणि पुन्हा काना असे सात तुकडे मोजतो. नावाच्या रकान्याला दहा अक्षरांची मर्यादा घातली की मराठी नावं मध्येच तुटतात, कधी कधी पाय मोडका राहून, ते यामुळेच. ही मर्यादा इंग्रजी नावं डोळ्यांसमोर ठेवून घातलेली असते आणि भोगतो जोडाक्षरवाला माणूस.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या बाजूची. या भाषेत आपण ठेवतो ती नावं देवनागरीत असली तरी चालतात. 'भाव', 'वजन', 'ओलावा', 'रक्कम' अशी नावं देऊन अख्खा हिशेब लिहिता येतो आणि ब्राउझर कुरकुर करत नाही. नोकरीच्या ठिकाणी कोणी असं लिहीत नाही, तिथे इंग्रजीच लागतं, हे खरं. पण पहिल्या दोन महिन्यांत 'रक्कम बरोबर वजन गुणिले भाव' हे जसं बोलतो तसंच लिहिता आलं, तर डोक्यावरचा एक बोजा उतरतो.

शिकण्याची साधनं फुकट आणि मुबलक आहेत. मोझिलाचा एमडीएन हा संदर्भकोश आणि २०१४ पासून चालू असलेला फ्रीकोडकॅम्प, दोन्ही मुख्यतः इंग्रजीत. मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात मराठी निवेदनाचे धडेही आहेत. छोटे-छोटे, हळू, आणि ऐकता ऐकता शेजारी करून बघण्याजोगे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटी केलेली माणसं गल्लोगल्ली सापडतील. पण तो अभ्यासक्रम संगणक वापरायला शिकवतो. संगणकाला काम सांगणं ही त्यापुढची पायरी आहे, आणि तिथवर सोबत करणारा गावात बहुधा कोणी नसतो. मग दोघा-तिघांनी मिळून शिकावं. एकाला न दिसलेला स्वल्पविराम दुसऱ्याला दिसतो.

तयार झालेलं पान गिटहबसारख्या ठिकाणी विनामूल्य ठेवता येतं आणि त्याचा पत्ता कोणालाही पाठवता येतो. पण हिशेबाचं एवढंसं पान असेल तर फाइल मोबाइलमध्ये असली तरी भागतं. सगळं काम ब्राउझरच्या आतच होतं, म्हणून वावरात रेंज नसतानाही ते चालतं. आधीच्या गाड्यांची नोंद ठेवायची असेल तर ब्राउझरकडे स्वतःचं एक छोटं कोठार असतं, साधारण पाच एमबीचं. त्यात ठेवलेली वजनं मोबाइल बंद करून चालू केला तरी राहतात. फक्त कोणी 'जागा मोकळी करा' म्हणून ब्राउझरचा सगळा साठा पुसला की हंगामाची नोंदही त्यासोबत जाते. तेव्हा काटापट्ट्या डब्यात जपून ठेवलेल्या बऱ्या.

सीसीआयला कापूस विकायचा तर २०२५-२६ च्या हंगामापासून नोंदणी आणि दिवस ठरवणं 'कपास किसान' नावाच्या अ‍ॅपवर आलं आहे, त्यामुळे घरोघरी कोणीतरी तसाही मोबाइल घेऊन बसलेलंच असतं. मुलीचं पान आता दोन गाड्यांची बेरीज बरोबर करतं, देवनागरी अंक वाचतं, बाराच्या वरचा ओलावा दिसला की लाल अक्षरांत "घेणार नाहीत, वाळवून आणा" म्हणतं. आठ आणि नऊच्या मधली जागा तेवढी राहिली आहे. तिथे तिने दोन तिरप्या रेघा मारून, ब्राउझर जी ओळ वाचतच नाही अशा ओळीत, स्वतःसाठी लिहून ठेवलं आहे: साडेआठला किती कापतात? सोमवारी बाबांसोबत जाऊन ग्रेडरला विचारायचं.